जामखेडच्या डॉक्टरीणबाई

आपली विद्या निरक्षर बाईच्या हाती सोपवायची, ही कल्पनाच एकेकाळी डॉक्टरांना मानवणारी नव्हती. डॉ. मेबल आरोळे यांनी ती प्रत्यक्षात आणली.

त्यांचा जन्म १९३५ साली जबलपूरचा, वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचे. १९६० मध्ये राहुरीच्या डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी विवाह झाला. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला आले.

आधी त्यांनी खेड्यांत शिकलेल्या परिचारिका पाठवल्या. परक्या गावात एकटीने राहणे त्यांना जमेना आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावानेच आपली बाई निवडावी, असे ठरले. आल्या त्या बहुतेक शाळेचे तोंडही न पाहिलेल्या. काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत, जातपात विसरून एकत्र जेवत. सुरक्षित बाळंतपण, लसीकरण, जुलाब झालेल्या मुलाला द्यायचे मीठ-साखरेचे पाणी, सारे शिकून घेत. ज्यांना गावात किंमत नव्हती, त्यांच्याच दारी गाव सल्ल्याला येऊ लागले.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये मेबलबाई गेल्या. २००५ साली ‘आशा’ योजना आली. भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधावरून गरोदर बाईच्या घरी निघालेल्या आशाताईला जामखेड ठाऊक नसेलही. पण तिच्या वाटेवर पहिली पावले तिथल्याच बायांची आहेत.