तपोनिधी नारायण महाराज देहूकर



दिंडीच्या शंभराव्या वर्षी पुस्तकात चार ओळी लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला. मी चौथी शिकलेला, औत हाकणारा माणूस. कीर्तनात उभं राहून बोलायचं तेवढं जमतं. पण आपण ज्या पालखीमागं चालतो ती रस्त्यावर आणली कुणी, हे आपल्या पोराबाळांना ठाऊक असावं. म्हणून जगद्गुरू तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांचं चरित्र थोडक्यात सांगतो.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबाराय वैकुंठाला गेले, तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. पदरात महादेव आणि विठोबा हे दोन मुलगे, तीन मुली, आणि नारायणबाबा पोटात. म्हणजे साऱ्या जगानं तुकोबांना पाहिलं, पण या लेकरानं बापाचं तोंड पाहिलं नाही. घर मोऱ्यांचं, महाजनकीचं. पण दुष्काळानं ते बसवलं होतं, आणि लोकांकडं येणं होतं त्याचे आपल्या वाट्याचे कागद तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलेले. वारसा म्हणून पोरांना मिळायचं काय? आठ पिढ्यांपासून चालत आलेली पंढरीची वारी, आणि अभंग.

काळही साधा नव्हता. एकीकडं शिवाजीराजे स्वराज्य उभं करीत होते. दुसरीकडं तुकोबांनी देव सगळ्या जातींच्या माणसांसाठी मोकळा केला होता, आणि त्याचा राग धरणारे गावात होतेच. नारायणबाबा दहा वर्षांच्या आसपास असतील, तेव्हा १६६० साली शाईस्ताखान पुण्यात येऊन बसला. देहूपासून चार-पाच कोसांवरचा चाकणचा कोट फिरंगोजी नरसाळ्यांनी ५६ दिवस लढवला. चाकण हे संताजी महाराज जगनाड्यांचं गाव. तुकोबांचे अभंग लिहिलेल्या वह्या त्यांच्यापाशी होत्या. त्या धामधुमीत त्यांनी त्या जिवापाड जपल्या, असं जुनी मंडळी सांगतात. विचार करा, ज्यानं बाप पाहिला नाही त्याला बाप भेटायचा तो असाच. कुणाच्या वहीत, कुणाच्या टाळात, आई आणि चुलते कान्होबाराय यांच्या तोंडी.

नारायणबाबा मोठे झाले, वारी करू लागले. तुकोबाराय टाळकऱ्यांना घेऊन पंढरीला जायचे, ती वाट त्यांनी सोडली नाही. मग १६८५ साली, पस्तिशीच्या घरात असताना, त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या. देहूहून आळंदीला गेले, माउलींच्या पादुका त्याच पालखीत घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. ज्ञानोबा-तुकाराम हा गजर तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी बसला. मला वाटतं, ज्या बापाचं बोट धरून चालायला मिळालं नाही, त्याला लेकानं खांद्यावर घेऊन चालवलं.

दिवस कसले होते ते बघा. औरंगजेब सगळी फौज घेऊन दक्षिणेत उतरलेला. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, तो आपल्या इंद्रायणीच्या आणि भीमेच्या संगमावर, तुळापूरच्या अंगाला. पुढं बादशहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला पडली, म्हणजे पंढरीच्या उंबऱ्याशीच म्हणा. अशा दिवसांत टाळ घेऊन उघड्या रस्त्यानं जायचं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण नारायणबाबांनी ही वाट मोडू दिली नाही.

शाहू महाराज गादीवर आल्यावर त्यांनी देहूच्या देवाला गावं इनाम दिली. आता कुणी विचारील, तुकोबांनी राजाचा नजराणा परत केला अन् लेकानं इनाम कसं घेतलं? बाबांनो, तुकोबांपाशी आला तो नजराणा त्यांच्यासाठी होता. हे इनाम देवाच्या दिवाबत्तीला, नैवेद्याला, आल्यागेल्याच्या पानाला होतं. नारायणबाबांनी देहूला देऊळ बांधलं, उत्सव लावून दिले.

तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुढच्या पिढ्यांत मानापानावरून भाऊबंदांत तंटे झाले. शेवटी हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा आळंदीहून निराळा उभा केला, तो आज लाखोंनी चालतो. म्हणजे माणसं भांडली तरी देवानं वारी वाढवली. पण भांडण काही चांगलं नव्हे.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. वीणा कुणाच्या गळ्यात, पुढं कोण अन् मागं कोण, यावरून आपल्यातही कुरबुर होते. तेव्हा नारायणबाबांना आठवावं. त्यांनी मान मागितला नाही, पादुका उचलल्या. आणि गावात एखादं बिनबापाचं लेकरू असेल तर त्याच्या हातात टाळ द्या, त्याला संगं घ्या. उद्याची वारी कोण चालवणार हे आपल्याला काय ठाऊक?

रामकृष्ण हरी.