येल्लाप्रगडा सुब्बाराव : नाव आणि कार्य

ग्रंथ आणि त्यावरील ग्रंथकाराचे नाव यांचा संबंध वाङ्मयाचा अभ्यासक काळजीपूर्वक पारखून घेतो. विज्ञानाच्या क्षेत्रात हा संबंध किती सैल असू शकतो, हे कर्करोगावरील औषधोपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या प्रभावाने ते शस्त्रक्रियेच्या वेळीही खादीचा अंगरखा घालू लागले. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि त्यांना एल. एम. एस. या कनिष्ठ पदवीवर समाधान मानावे लागले. काही काळ त्यांनी मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शारीरशास्त्र शिकविले. संग्रहणीच्या विकाराने त्यांच्या घरात मृत्यू आणला होता; या रोगावरील उपायाचा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला होता. शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी पत्नीला मागे ठेवून ते बॉस्टनला गेले. पुढे पतिपत्नींची भेट झाली नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरसचे प्रमाण रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची पद्धती शोधली. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाची गणना विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत लेखांत होते. याच पद्धतीच्या आधारे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन (१९२७) व एटीपी (१९२९) ही द्रव्ये त्यांनी उजेडात आणली. स्नायूंच्या शक्तीविषयीच्या प्रचलित कल्पना त्यामुळे बदलल्या. १९३० साली त्यांना पीएच. डी. मिळाली, परंतु हार्वर्डने कायम पद दिले नाही. त्यांनी वेगळी केलेली काही द्रव्ये फिस्के यांनी प्रसिद्ध होऊ दिली नाहीत व ती इतरांना वर्षांनंतर नव्याने शोधावी लागली, असे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नमूद केले आहे.

१९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले व तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्यासमोरील एका प्रश्नाचा उगम मुंबईत होता. तेथील गिरणीकामगार स्त्रियांच्या गर्भारपणातील पांडुरोगाचा अभ्यास करताना ल्यूसी विल्स यांना यीस्टच्या अर्कात एक गुणकारी घटक आढळला होता. त्यांचे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. तो घटक म्हणजेच फॉलिक आम्ल होय. लेडर्लीतील चमूने त्याची घडण उलगडून ते कृत्रिम रीतीने तयार केले. १९४६ च्या त्या लेखावर १६ नावे आहेत; सुब्बाराव यांचे नाव त्या रांगेत मध्येच कोठेतरी आहे. संग्रहणीवरही हे आम्ल गुणकारी ठरले, आणि जुना ध्यास अशा रीतीने फळास आला.

रक्तपेशींच्या वाढीस फॉलिक आम्ल लागते. तेव्हा त्याच्यासारखेच दिसणारे, पण त्याचे कार्य रोखणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगातील पेशींची अनिर्बंध वाढ थांबवील, हा पुढचा विचार होता. लेडर्लीने असे ॲमिनॉप्टेरिन तयार केले. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते रक्तकर्करोग झालेल्या १६ बालकांना दिले व त्यांतील १० बालकांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. ती तात्पुरती होती. तथापि असाध्य मानलेल्या या रोगात रसायनाने उतार पडू शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले. जून १९४८ मध्ये आलेल्या त्या लेखाच्या पाच लेखकांत सुब्बाराव नाहीत. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्क येथे वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ॲमिनॉप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही बालकांच्या रक्तकर्करोगावर व संधिवातावर वापरले जाते. हत्तीरोगावरील हेट्रॅझान व ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक हीदेखील त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनाचीच फळे होत.

१९९५ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. तत्पूर्वीच एका बुरशीच्या प्रजातीस त्यांचे नाव मिळाले होते. लेखांच्या सूचीवरून विद्वत्तेचे मोजमाप करण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्या मापाने सुब्बाराव यांचा १९२५ चा लेख त्यांच्या साऱ्या कार्यात थोर ठरेल. मात्र ज्या लेखाने रुग्णशय्येवरील मुलांना आयुष्याचे काही महिने मिळवून दिले आणि पुढील पिढ्यांना बरे होण्याची वाट दाखविली, त्याच्या शीर्षस्थानी त्यांचे नाव शोधूनही सापडणार नाही.