पाऱ्याचं ऐकणारा कॅप्टन

जुन्या बाजारात किंवा लिलावात दर्यावर्दी उपकरणं धुंडाळणाऱ्या हौशी मंडळींना 'फिट्झरॉय बॅरोमीटर' हमखास भेटतो. लांबट लाकडी पेटी, पुढे काच, आत पाऱ्याची नळी आणि बाजूला कागदावर छापलेल्या हवामानाच्या सूचना. गंमत म्हणजे यातले बरेचसे विकले गेले ते फिट्झरॉय गेल्यानंतर! डार्विनला 'बीगल' जहाजावरून फिरवणारा कॅप्टन, एवढीच त्याची आपल्याला ओळख.

रॉबर्ट फिट्झरॉय १८०५ साली इंग्लंडमधल्या बड्या सरदार घराण्यात जन्मला. नौदलाच्या परीक्षेत पठ्ठ्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले. (ए.टी.के.टी.वाल्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं!) डिसेंबर १८२८ मध्ये, तेविसाव्या वर्षी 'बीगल' त्याच्या हाती आलं. पुढच्याच महिन्यात उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ बॅरोमीटरचा पारा घसरत होता. ते दिसत असूनही त्याने वेळेवर शिडं आवरली नाहीत. वादळाने जहाज जवळजवळ आडवं केलं आणि दोन खलाशी बुडाले. दोष आपलाच, हे त्याने मान्य केलं. यानंतर त्याने पाऱ्याकडे कधी दुर्लक्ष केलं नाही.

१८३१ च्या सफरीत डार्विन सोबत होता. रेखांश मोजायला जहाजावर २२ क्रोनोमीटर होते, त्यातले सहा फिट्झरॉयने पदरच्या पैशाने घेतलेले. उपकरणं सांभाळायला कारागीरही त्याने स्वखर्चाने नेला. जवळपास पाच वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशोब जुळवला, तेव्हा फरक निघाला अवघा ३३ सेकंदांचा!

मग न्यूझीलंडचं गव्हर्नरपद आलं आणि दोन वर्षांत गेलंही. १८५४ मध्ये सरकारने त्याला नव्या हवामान खात्यावर नेमलं. गरीब मच्छीमारांच्या बंदरांवर त्याने बॅरोमीटर बसवून घेतले. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' जहाज वेल्सजवळ वादळात फुटलं, सुमारे साडेचारशे माणसं गेली. फिट्झरॉय म्हणे, तारायंत्र हाताशी असताना वादळाची खबर त्याच्या आधी बंदरात का पोचू नये? १८६१ मध्ये बंदरांवर धोक्याच्या खुणा चढू लागल्या आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोजचा अंदाज छापून येऊ लागला.

अंदाज चुकायचे. लोक हसायचे. बोटी बंदरात अडकून धंदा बुडतो म्हणून बोटींचे मालक चिडायचे, शास्त्रज्ञ याला शास्त्र मानायला तयार नव्हते. घरचा पैसाही संपत आला होता. ३० एप्रिल १८६५ च्या सकाळी त्याने वस्तऱ्याने गळा चिरून घेतला.

पुढच्या वर्षी खात्याने वादळाचे इशारे बंद केले. त्यावर ओरड झाली आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. २००२ साली ब्रिटनच्या सागरी हवामान-वार्तेतल्या 'फिनिस्टेर' या सागरी क्षेत्राचं नाव बदलून 'फिट्झरॉय' ठेवलं गेलं.