अन्सेल ॲडम्स: एक निगेटिव्ह, १३०० प्रिंट्स आणि तुमच्या फोनमधला फोटो

मागच्या वर्षी आजोबा गेले. त्यांचा शेवटचा चांगला फोटो माझ्याच फोनमध्ये होता. ओट्यावर बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी. मी तो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि एका लॅबमध्ये प्रिंटला दिला. प्रिंट हातात आली तेव्हा करड्या रंगात हिरवट झाक होती आणि टोपीच्या सावलीत डोळे दिसतच नव्हते. आजीने बघितला आणि काही न बोलता टेबलावर उपडा ठेवला.

स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर असा का आला? हे शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोचलो, ज्याने याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. त्याचं नाव अन्सेल ॲडम्स.

पियानो वाजवणारा मुलगा

अन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९०६ च्या मोठ्या भूकंपानंतर बसलेल्या एका धक्क्यात तो तोंडावर पडला आणि नाक मोडलं, ते कायमचं वाकडंच राहिलं. शाळेत त्याचं मन रमेना, म्हणून वडिलांनी बाराव्या वर्षी शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली. तेव्हाच त्याला पियानोचं वेड लागलं, आणि पुढची बरीच वर्षं तो पियानोवादकच होणार असं ठरलेलं होतं.

१९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो घरच्यांबरोबर योसेमिटीच्या डोंगरात गेला. हातात कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा होता. पुढे आयुष्यभर तो तिथे जात राहिला.

१९२७ मध्ये हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर त्याच्याकडे थोड्याच काचेच्या प्लेट्स उरल्या होत्या. त्याने लेन्सवर गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे फोटोत आकाश जवळजवळ काळं येतं. डोळ्याला दिसलं ते नाही, तर मनात जाणवलं ते कागदावर आणायचं, हे त्याला तिथे सापडलं.

डार्करूममधला हिस्टोग्राम

पूर्वी आपण रोल धुवायला टाकायचो, ते आठवत असेल किंवा आई-बाबांकडून ऐकलं असेल. धुतल्यावर मिळते ती निगेटिव्ह. एन्लार्जर नावाच्या यंत्रातून तिच्यावरून प्रकाश जातो आणि चांदीच्या क्षारांचा लेप असलेल्या कागदावर पडतो. मग कागद डेव्हलपरमध्ये घालायचा, स्टॉप बाथमध्ये, फिक्सरमध्ये, आणि शेवटी पाण्यात भरपूर धुवायचा. कागदावर जिथे जास्त प्रकाश पडेल तिथे तो जास्त काळा होतो.

म्हणजे कागदाचा एखादा भाग हाताने किंवा पुठ्ठ्याने झाकला, तर तो उजळ राहतो. याला म्हणतात डॉज. उलट एखाद्या भागावर जास्त वेळ प्रकाश पाडला तर तो गडद होतो, तो बर्न. फोटोशॉपमधल्या डॉज आणि बर्न टूल्सची नावं इथूनच आली.

१९४० च्या सुमारास ॲडम्सने फ्रेड आर्चरबरोबर झोन सिस्टीम तयार केली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि शटर दाबायच्या आधीच ठरवायचं की कोणती गोष्ट कोणत्या पायरीवर बसेल. आज फोनमध्ये हिस्टोग्राम आणि शॅडोज-हायलाइट्सचे स्लायडर दिसतात. प्रश्न तोच आहे: काळं किती आणि पांढरं किती?

चंद्र, स्मशान आणि हरवलेला मीटर

१९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोत गाडीने परतताना त्याला हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला दिसला. खाली स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन होतं. गाडी थांबवून घाईघाईत मोठा कॅमेरा उभा केला, पण प्रकाश मोजायचा मीटर काही सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्यावरून त्याने डोक्यातच हिशोब केला आणि शटर उघडलं. दुसरा फोटो घ्यायला होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. बॅकअप नाही!

तारीखही लिहून ठेवली नव्हती. तो वेगवेगळी वर्षं सांगायचा. शेवटी खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. उत्तर आलं १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४:४९. आपल्या फोटोत हे आपोआप सेव्ह होतं.

पण निगेटिव्ह अवघड होती. खालचा भाग फारच फिका. १९४८ मध्ये त्याने त्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट केला. एकमेव निगेटिव्ह, आणि कंट्रोल-झेड नाही. चुकलं असतं तर सगळं संपलं असतं.

याच निगेटिव्हच्या त्याने आयुष्यभरात १३०० हून जास्त प्रिंट्स काढल्या. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश करडं आहे, ढग दिसतात. नंतरच्या प्रिंट्समध्ये आकाश काळंभोर होत गेलं. बंदिश तीच, पण प्रत्येक मैफलीत गाणं वेगळं, तसं. पियानोवाल्याला हे सांगावं लागत नाही.

आणि आपला फोटो?

ॲडम्स २२ एप्रिल १९८४ ला गेला. इलेक्ट्रॉनिक फोटोग्राफी येणार हे त्याने आधीच ओळखलं होतं आणि त्याला त्याची भीती नव्हती, उत्सुकता होती.

आता माझ्या हिरवट प्रिंटकडे येऊ. बऱ्याच लॅबमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा रंगीत कागदावरच निघतो. तिथे करडा रंग तीन रंग मिसळून बनतो, आणि प्रमाण जरा बिघडलं की झाक येते. उपाय असा:

- काळ्या आणि करड्या अशा वेगवेगळ्या पिगमेंट शाया असलेल्या इंकजेटवर प्रिंट मागा.
- मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबलेली असते.
- ८ बाय १० इंचासाठी २४०० बाय ३००० पिक्सेल असले की काम होतं.
- आधी छोटी टेस्ट प्रिंट काढा आणि ती खिडकीजवळच्या उजेडात बघा. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद देत नाही.

मी आजोबांच्या डोळ्यांपाशी थोडं डॉज केलं, मागची भिंत थोडी बर्न केली. चार टेस्ट प्रिंट्स काढल्या. पाचवी आजीने हातात धरून बराच वेळ बघितली, आणि मग खिळा कुठे ठोकायचा ते बोटाने दाखवलं.

तुमच्याही गॅलरीत असा एखादा फोटो असेल. या रविवारी तो शोधा, आणि कागदावर आणा.