पुराचे माप घेणारे इंजिनियर : सर विश्वेश्वरय्या

आमच्या शाहूपुरीतील मुलांस पूर म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सन २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा सन २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला, नाल्यांवाटे पाणी उलटे चढून वस्तीत शिरले, आणि कुंभार गल्लीतील कारागिरांच्या गणेशमूर्तींचा प्रश्न घरोघर चर्चिला गेला. नदी कोठवर येणार, हे आधी सांगता येत नाही काय? शतकापूर्वी हाच प्रश्न ज्यांनी हाती घेतला, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील विद्वान, परंतु संपत्तीने गरीब. त्यांचे छत्रही लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे बी. ए. ची परीक्षा दिली व म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनियरी शिकावयास आले. सन १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढील वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. म्हणजे हा कानडी मुलखातील पुरुष घडला तो महाराष्ट्राच्या नद्यांकाठी, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

नदीशी त्यांची पहिली झटापट खानदेशात झाली. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून कालव्याचे पाणी नळाने पलीकडे न्यावयाचे होते. ऐन पावसाळ्यात लोंढा येई आणि खणलेला चर वाळूने भरून टाकी. काम पावसाळ्यानंतर करावे असे तरुण इंजिनियराने वरिष्ठांस कळविले. ते त्यांस रुचले नाही. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी पुन्हा कंबर कसली व काम तडीस नेले. आमच्या मते त्यांची मूळ विनंती मुळीच गैरवाजवी नव्हती.

पुढे पुण्याजवळील खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी सन १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दरवाजे बसविले. सांडव्यावरून दरवर्षी पुष्कळ पाणी वाहून जाई. पाणी ठरलेल्या उंचीस पोहोचले म्हणजे दरवाजे आपण होऊन उघडावेत व ओसरले म्हणजे मिटावेत, अशी त्यांची रचना होती. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता तलावातील साठा वाढला. आपल्या राधानगरीच्या धरणासही आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. ते उघडल्याची वार्ता आली की कोल्हापुरात नदीकाठचे लोक सामान हलवू लागतात.

परंतु त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी हैदराबादेस लागली. ता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस प्रलयंकर पूर आला. अंदाजे पंधरा हजार माणसे दगावली, हजारो घरे जमीनदोस्त झाली. विश्वेश्वरय्या नुकतेच सरकारी नोकरीतून मोकळे होऊन परदेशी प्रवासास गेले होते. निजाम सरकारने त्यांस पाचारण केले व सन १९०९ च्या एप्रिलात ते हैदराबादेस पोहोचले. धरण कोठे बांधावे हे त्यांनी प्रथम विचारले नाही; पाऊस किती पडला व तो कोणत्या वाटेने आला, हे विचारले. शहराच्या वरच्या अंगास सर्व पाणलोट क्षेत्रात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, तोही फुटे, आणि असा हा वाढता लोंढा अखेर शहरावर येऊन आदळला.

या अभ्यासातून त्यांनी मुसी व तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वर दोन मोठे जलाशय सुचविले. उस्मानसागर सन १९२० मध्ये व हिमायतसागर सन १९२७ मध्ये पुरा झाला. पूर पोटात घेता यावा म्हणून अशा जलाशयात काही जागा मोकळी ठेवावी लागते. काठोकाठ भरलेले धरण पुरास थोपवू शकत नाही. ही गोष्ट वरवर साधी दिसते, पण पिण्याच्या व शेतीच्या पाण्याची ओढ असता ती पाळणे फार कठीण! शहरातील काठ बांधून उंच करावेत व तेथे बागा आणि रस्ते करावेत, अशीही त्यांची सूचना होती. बागेत पाणी आले तर फुलझाडे जातात, माजघरात आले तर संसार जातो.

आज आपल्याकडे नकाशावर निळी व लाल अशा ज्या पूररेषा आखतात, त्यांमागे हाच विचार आहे. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचेल ती निळी रेषा, व शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोहोचेल ती लाल. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा आला की शंभर वर्षे निश्चिंती, असे मात्र कोणी समजू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका मानतात. सन २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, आणि दोनच वर्षांनी पुन्हा महापूर आला. निळ्या रेषेच्या आत घरे बांधू नयेत असा नियम आहे. तरीही तेथे भूखंड विकले जातात व विकत घेतले जातात. घर घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनी सातबाराबरोबर हा नकाशाही अवश्य पाहावा.

विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, कावेरीवरील कृष्णराजसागर त्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, आणि सन १९५५ मध्ये त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फोडले व अर्धे पुणे पाण्याखाली गेले. वरचा बांध फुटून खालचा नेतो, हे हैदराबादेस दिसलेले दृश्य, ज्या शहरी ते इंजिनियर झाले तेथेच पुन्हा घडले. त्या वेळी ते हयात होते. पुढल्याच वर्षी, सन १९६२ च्या एप्रिलात, वयाची शंभर वर्षे उलटल्यावर बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले.