रानफुलांच्या मागावर : डेव्हिड डग्लस

बागेच्या वाफ्यात डोलणारे एखादे फूल पाहताना ते मूळचे कोठल्या डोंगरावरचे आणि तेथून ते कोणी व कशा कष्टाने आणले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. ल्युपिनचेच उदाहरण घ्या. निळ्या-जांभळ्या फुलांचे उंच तुरे असणारी ही वनस्पती थंड हवेच्या अनेक देशांतील उद्यानांत दिसते. तिचे मूळ घर मात्र उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, डोंगराळ प्रदेशातील ओलसर कुरणांत आणि ओढ्यांच्या काठी आहे. तेथून ती इंग्लंडमधील उद्यानांत पोहोचली, ती डेव्हिड डग्लस या तरुण माळ्यामुळे.

डेव्हिडचा जन्म २५ जून १७९९ रोजी स्कॉटलंडमधील पर्थजवळच्या स्कून या गावी झाला. वडील पाथरवट होते. डेव्हिडचे चित्त शाळेत फारसे रमत नसे. पक्षी, मासे आणि रानातील झाडेझुडपे यांतच तो अधिक रमे. अकरा वर्षांचा असतानाच त्याची शाळा सुटली आणि स्कूनच्या राजवाड्याच्या बागेत विल्यम बीटी या मुख्य माळ्याच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. ही उमेदवारी सात वर्षे चालली. दिवसा वाफे खणावेत, रोपे लावावीत, तण काढावे आणि रात्री मिळेल ते पुस्तक वाचावे, असा त्याचा क्रम होता. शाळेत न लागलेली गोडी त्याला बागेत लागली. पुढे हिवाळ्यात काम थोडे हलके झाले की तो पर्थ येथे गणित व विज्ञान शिकण्यासाठी जाऊ लागला. ज्याचे शिक्षण मध्येच थांबले आणि ज्याने ते हिकमतीने पुन्हा सुरू केले, अशा माणसाची ही कहाणी आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

१८२० मध्ये ग्लासगो येथील वनस्पती उद्यानात त्याला काम मिळाले. तेथे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम जॅक्सन हूकर यांची व्याख्याने ऐकण्याची संधी त्याला लाभली. (याच हूकर यांचे पुत्र जोसेफ यांनी पुढे सिक्कीमच्या हिमालयातील वनस्पतींचा अभ्यास केला.) हूकर आपल्याबरोबर या तरुण माळ्याला डोंगरदऱ्यांत घेऊन जात. वनस्पती ओळखणे, कागदांत दाबून वाळवणे आणि ती कोठे, कोणत्या मातीत, किती उंचीवर सापडली याची टिपणे ठेवणे हे सारे तो त्यांच्याजवळ शिकला. लंडनच्या उद्यानविद्या संस्थेला परदेशांतून नव्या वनस्पती आणणारा माणूस हवा होता. हूकर यांनी डग्लस यांचे नाव सुचवले.

१८२३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाचा एक प्रवास करून आल्यावर जुलै १८२४ मध्ये डग्लस पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. त्या काळी पनामाचा कालवा नव्हता. त्यांचे जहाज दक्षिण अमेरिकेला वळसा घालून गेले आणि आठ महिन्यांहून अधिक प्रवासानंतर एप्रिल १८२५ मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचले. तेथे हडसन्स बे कंपनी या फर व कातडी यांच्या व्यापारी कंपनीची ठाणी होती. फोर्ट व्हँकुव्हर हे त्यांपैकी एक. त्याच्या आश्रयाने डग्लस यांनी कामास प्रारंभ केला.

हा प्रदेश मुख्यतः सूचिपर्णी वृक्षांचा. किनाऱ्याकडील भागात पाऊस मुबलक, तर डोंगररांगा ओलांडून पूर्वेकडे गेले की हवा कोरडी होते आणि चीड वृक्षांची, म्हणजे पाइनची, विरळ रानेही लागतात. हिमाचल, उत्तराखंड किंवा मेघालयात ज्यांनी चिडाचे रान पाहिले असेल, त्यांना तेथील जमिनीवर पसरलेल्या सुईसारख्या वाळक्या पानांचा थर आठवेल. तशाच थरातून, जाड सालीच्या पाँडेरोसा पाइनखाली, वसंत ऋतूत रानफुले वर येतात. पाँडेरोसा हे नाव डग्लस यांनीच दिलेले; लाकूड वजनदार, म्हणून हे नाव.

या रानातील फुले पुष्कळशी बहुवर्षायू आहेत, म्हणजे एकदा रुजली की अनेक वर्षे जगणारी. हिवाळ्यात पाने आणि देठ वाळून जातात. जमिनीखालचे मूळ वा कंद मात्र जिवंत राहतो आणि बर्फ वितळले की पुन्हा कोंब धरतो. रानात जमिनीलगतचा वणवा येऊन गेला तरी बहुधा असेच घडते. सूर्यफुलासारखी पिवळी फुले येणारे बाल्समरूट आपले जाड सोटमूळ जमिनीत फार खोल उतरवते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही ते तग धरते आणि म्हणूनच ते उपटून दुसरीकडे लावले तर बहुधा जगत नाही. पेन्स्टेमॉनला पाणी साचणारी जमीन मानवत नाही. त्याला खडेमिश्रित, निचऱ्याची माती हवी. ल्युपिनच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जीव हवेतील नायट्रोजन घेऊन मुळांना पुरवतात, त्यामुळे हलक्या जमिनीतही ते फोफावते. कॅमसच्या निळ्या फुलांखाली खाद्य कंद असतो. तेथील आदिवासी स्त्रिया हे कंद खणून काढीत आणि तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पानांखाली भाजून घेत. डग्लस यांनी ही पाककृती बारकाईने नोंदवून ठेवली; कंद खाल्ल्यावर पोटात जो वायू होतो, त्याचीही नोंद करण्यास ते विसरले नाहीत!

रानफूल बागेत आणायचे, तर त्याचे बी मिळवावे लागते, आणि येथेच खरी अडचण होती. फूल दिसते तेव्हा बी तयार नसते. बी पिकते तेव्हा फूल गळून गेलेले असते आणि अनेक वनस्पती ओळखूही येत नाहीत. त्यामुळे फुलाची जागा ध्यानात ठेवून काही महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा जाणे भाग पडे. डग्लस पायी, घोड्यावर आणि होडीतून हिंडत. पावसात वाळवणाचे कागद भिजले की रात्री शेकोटीजवळ बसून ते एकेक करून सुकवीत. एकदा रानउंदरांनी गोळा केलेले सगळे बी फस्त केले, वाळवलेल्या वनस्पतींचे गाठोडे कुरतडले आणि दाढीचा वस्तराही पळवला. शाईची दौत नेऊ पाहणाऱ्या उंदराला तेव्हा डग्लस यांनी बंदुकीने टिपले. पेटी बांधताना गंजक्या खिळ्याने गुडघ्याला झालेली जखम चिघळून त्यांनी कित्येक आठवडे कळा सोसल्या. गवत-पाला गोळा करीत फिरणाऱ्या या परक्या माणसाला तेथील लोक गवतवाला म्हणून ओळखू लागले.

तरीही हे सर्व ते एकट्याने करीत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. वाटाडे, नावाडी, शिकारी यांत तेथील आदिवासीही होते. ज्या वनस्पती युरोपच्या दृष्टीने नव्या होत्या, त्यांची नावे व उपयोग या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८२५ मध्ये एका आदिवासी माणसाच्या तंबाखूच्या थैलीत डग्लस यांना चिडाच्या मोठमोठ्या बिया दिसल्या. त्या कोणत्या झाडाच्या, याचा शोध घेत ते दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आजच्या ओरेगन राज्यातील अम्प्क्वा नदीच्या परिसरात पोहोचले. ते झाड म्हणजे शुगर पाइन. कोसळून पडलेल्या एका झाडाची लांबी त्यांनी मोजली, ती २१५ फूट भरली. उभ्या झाडांवरची हातभर लांबीची फळे फांद्यांच्या टोकाशी लोंबत होती आणि खोडावर चढणे अशक्य होते. डग्लस यांनी बंदुकीने नेम धरून फळे पाडली. बार ऐकून आठ सशस्त्र आदिवासी तेथे आले. रंग काही बरा दिसेना. डग्लस बंदूक रोखून उभे राहिले. मग आणखी फळे आणून दिल्यास तंबाखू देईन, असे त्यांनी खुणेने सांगितले. ते लोक फळे शोधायला पांगताच हाती आलेली तीन फळे घेऊन त्यांनी तेथून पाय काढला. स्वतःच्या रानात बंदूक चालवणाऱ्या परक्या माणसाकडे त्या आठ जणांनी संशयाने पाहिले, यात नवल ते काय?

१८२७ मध्ये रॉकी पर्वत ओलांडून हडसन उपसागरमार्गे ते इंग्लंडला परतले. त्यांनी पाठवलेल्या बियांपासून ल्युपिन, पेन्स्टेमॉन, लाल फुलांचे करंट अशी कितीतरी रोपे संस्थेच्या बागेत वाढू लागली होती. पाथरवटाच्या मुलाला मोठमोठ्या सभांत मान मिळू लागला. पण तेथील वातावरणात त्यांचे मन रमेना. स्वभाव चिडखोर झाला होता. ऑक्टोबर १८२९ मध्ये ते पुन्हा निघाले.

ही दुसरी सफर दुःखाची ठरली. कॅलिफोर्नियात त्यांनी विपुल संग्रह केला. परंतु बर्फावरच्या उन्हाच्या तिरिपीने डोळे अधू होत चालले होते. १३ जून १८३३ रोजी फ्रेझर नदीच्या प्रपातात त्यांची होडी फुटली. जीव वाचला, पण सुमारे ४०० वनस्पतींचे नमुने आणि वनस्पतींच्या टिपणांची वही वाहून गेली. या आघाताने ते खचले. पुढे हवाई बेटांवर जाऊन त्यांनी तेथील उंच ज्वालामुखी पर्वत पालथे घातले. १२ जुलै १८३४ रोजी मौना केआ पर्वताच्या उतारावर, रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या एका खड्ड्यात त्यांचा मृतदेह सापडला. खड्ड्यात एक बैल होता. बिली हा त्यांचा कुत्रा काही अंतरावर त्यांच्या गाठोड्याजवळ बसून होता. हा अपघात की घातपात, याचा उलगडा कधीच झाला नाही. ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. होनोलुलू येथे त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांनी आणलेल्या फुलांची कहाणी मात्र पुढे चालू राहिली. इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉर्ज रसेल या माळ्याने ल्युपिनची अनेक वर्षे निवड करून रंगीबेरंगी वाण तयार केले. १९३७ मध्ये ते लोकांपुढे आले आणि जगभर गेले. त्याचे सारेच परिणाम चांगले झाले नाहीत. न्यूझीलंडमध्ये हे ल्युपिन बागांबाहेर पडून नद्यांच्या दगडगोट्यांच्या पात्रांत पसरले आणि तेथे उघड्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा त्याने व्यापली. फिनलंडमध्येही त्याची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. जे फूल आपल्या डोंगरात इतर वनस्पतींच्या बरोबरीने राहते, ते परक्या भूमीत इतरांना हुसकावून लावू शकते, ही गोष्ट डग्लस यांच्या काळी कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

ज्या प्रदेशात डग्लस हिंडले, तेथील डोंगरांत राहणारे काही बागप्रेमी आता अंगणातल्या चिडाखाली तेथलीच रानफुले लावतात. रानातील रोपे उपटून आणू नयेत, असा संकेत ते पाळतात. पेन्स्टेमॉन आणि बाल्समरूट यांचे बी ते हिवाळ्यापूर्वीच मातीत टाकतात, कारण काही आठवडे ओल्या थंडीत राहिल्याखेरीज त्या बियांना कोंब फुटत नाही. ल्युपिनच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून ते घासून किंवा बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरतात. पेन्स्टेमॉन बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते. बाल्समरूटला पहिले फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोपर्यंत ते मूळच वाढवीत असते.