डॉ. रुस्तम जाल वकील: रक्तदाबाच्या मुळीपासून अर्धशिशीच्या गोळीपर्यंत

अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या उन्हातून दुपारी घरी आलात की तुमच्या डोक्याची एक बाजू ठणकायला लागते का? उजेड सहन होत नाही, मळमळतं, सुकटीचा वासही नकोसा होतो? मग ही अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन असू शकते. तिच्यावरची आजची खास औषधं तयार झाली त्यात एका कोकणी जंगली मुळीचा वाटा आहे. ती मुळी जगाच्या नजरेस आणणारे डॉक्टर समोरच्या मुंबईतलेच होते.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयात काम करू लागले. रायगडच्या किनाऱ्यावरचे रुग्ण आजही मोठ्या आजारासाठी जिथे जातात, तेच हे केईएम.

त्या काळी उच्च रक्तदाबावर फारसं काही हाती नव्हतं. विश्रांती, मिठाचं पथ्य, झोपेची औषधं, नाहीतर मोठी शस्त्रक्रिया. सर्पगंधेची मुळी मात्र आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झोपेसाठी आणि वेडावर दिली जात होती. ही वनस्पती कोकणच्या दमट जंगलांतही आढळते. तिच्याने रक्तदाब उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, पण भारताबाहेर त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

डॉ. वकील यांनी ऐकीव गुणांवर विसंबायचं नाही असं ठरवलं. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन त्यांनी रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्यांचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला आणि पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मुळीतून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला.

औषधानेच डोकं दुखलं

रेसर्पिन जगभर वापरात आलं आणि त्याची दुसरी बाजूही दिसू लागली. काही रुग्णांना नैराश्य येई, नाक चोंदे, सुस्ती येई. १९५५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट सापडली. रेसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. सेरोटोनिन म्हणजे मज्जापेशींमधला एक निरोप्या.

याचाच उपयोग अर्धशिशीच्या संशोधकांना झाला. १९६० मध्ये अमेरिकेत अर्धशिशीच्या रुग्णांना रेसर्पिनचं इंजेक्शन दिल्यावर त्यांचं नेहमीसारखंच डोकं दुखू लागलं. मग शिरेतून सेरोटोनिन दिल्यावर ते थांबलं. १९६७ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी दाखवलं की झटका येतो तेव्हा रक्तातलं सेरोटोनिन घटतं.

सेरोटोनिन थेट देणं त्रासदायक होतं, त्याचे दुष्परिणाम फार. म्हणून त्याच्या काही ठरावीक रिसेप्टरवरच काम करणारं औषध शोधलं गेलं. ते सुमाट्रिप्टान, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेलं. डॉ. वकील यांनी ते पाहिलं नाही. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ

*ट्रिगर आणि आजार वेगळे.* रेसर्पिनने अर्धशिशीसारखं डोकं दुखलं ते मुळात अर्धशिशी असलेल्या रुग्णांचं. ऊन, जागरण, उपास, पाळीचे दिवस, उग्र वास यांचंही तसंच. ही ठिणगी आहे. दारू आधीच भरलेली असते, आणि ती बरेचदा आनुवंशिक असते. त्यामुळे अमुक खाल्लंस म्हणून डोकं दुखलं, असा दोष स्वतःला किंवा घरच्या कुणाला देऊ नका.

*नोंद ठेवा.* डॉ. वकील यांनी केलं तेच करा. डोकं कधी दुखलं, किती तास, आदल्या दिवशी झोप आणि जेवण कसं झालं, कोणती गोळी घेतली, हे दोन-तीन महिने वहीत लिहा. तुमचा खरा ट्रिगर त्यातूनच कळेल.

*डोकेदुखीवरून रक्तदाब ठरवू नका.* उच्च रक्तदाबात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तो मोजावाच लागतो. अर्धशिशीच्या रुग्णाने तर नक्की मोजावा, कारण हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान गोळ्या चालत नाहीत. उलट प्रोप्रानोलोलसारखं रक्तदाबाचं औषध काहींमध्ये झटके कमीही करतं. तुम्हाला कोणतं योग्य, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

*सर्पगंधेची पूड स्वतःहून घेऊ नका.* झाडपाल्याचं म्हणून ती निरुपद्रवी नाही. तिच्यात रेसर्पिन असतं. रक्तदाब एकदम उतरू शकतो, मन खचू शकतं आणि अर्धशिशी चाळवू शकते.

*गोळ्या मोजून घ्या.* साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

लगेच दवाखाना गाठा, जर डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं. सोबत ताप आणि मान ताठ झाली. हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं. किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं.

एरवी तुमची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तिच्यामुळे निदान लवकर होईल आणि औषध नेमकं मिळेल.